जेफ बेक, महाविष्णू आणि लोडशेडिंग

सहावी तार (छत्रपती संभाजीनगर)

गिटारची बॅग पाठीला लावून पैठण गेटवरून निघालो की अजूनही एखादा विचारतोच, "बँजो का?" चूक त्याची नाही. आपल्याकडं तारांचं आणि करंटवर चालणारं वाद्य म्हणजे वरातीतला बँजो. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. रिसेप्शन, गणपती, आणि एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम. १४ तारखेच्या पुढंमागं महिनाभर रात्रीचं जेवण घरी व्हायचं नाही. आता सुपाऱ्या कमी घेतो, घरी पोरांना शिकवतो. त्यातल्या एकानं परवा विचारलं, "सर, फास्ट वाजवायचंय, कोणाला ऐकू?" दोन-चार नावं जिभेवर आली आणि तिथंच थांबली. ज्या रेकॉर्ड्समुळं माझा हात बदलला, त्यांच्यातलं वेगानं वाजवलेलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. बाकीचं सगळं आठवतं. म्हणून हा धागा.

पहिली 'ब्लो बाय ब्लो', जेफ बेक, १९७५. जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडं मिळाली होती, कव्हर वाळवीनं खाल्लेलं, तबकडी मात्र धड. काकांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता, १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार वेग असलेला. ३३ ची रेकॉर्ड १६ वर लावली की वेग निम्मा होतो आणि सगळे सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतात, पट्टी तीच राहते. हल्ली फोनमधलं ॲप सूर न उतरवता वेग कमी करतं. तेव्हा ते चार वेगांचं बटण हाच माझा क्लास होता.

त्या १६ वर मी 'कॉज वुईव्ह एन्डेड ॲज लव्हर्स' महिनाभर ऐकलं. रचना स्टीव्ही वंडरची, बेकनं ती रॉय ब्युकॅनन या गिटारवाल्याला अर्पण केली आहे. निम्म्या वेगात पहिल्यांदा कळलं की हा माणूस पिकचा, म्हणजे तार छेडायच्या पट्टीचा, 'टक' लपवतो. आवाजाचा नॉब बंद ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीनं नॉब हळूच उघडायचा. सूर नेमका कुठून सुरू झाला ते कानाला सापडत नाही, गायक मिटल्या तोंडातून 'आ' उघडतो तसं. निर्माता जॉर्ज मार्टिन, बीटल्सचा. गायक नसलेली ही रेकॉर्ड अमेरिकेच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेली होती. मला मात्र तेव्हा एवढंच दिसलं की आपण इतकी वर्षं उजव्या हाताला फक्त छेडायच्या कामाला लावलंय.

दुसरी महाविष्णू ऑर्केस्ट्राची 'बर्ड्स ऑफ फायर', १९७३. ही रेकॉर्ड नव्हे, कॅसेट. शहागंजातल्या माझ्या मित्राचे मामू दम्मामला होते, ते सुट्टीला येताना घेऊन आले. मामूंना वाटलं नावात ऑर्केस्ट्रा आहे म्हणजे आपल्या पोरांच्या कामाची. जॉन मॅकलॉफलिनची गिटार, बिली कोबहॅमचे ड्रम, जेरी गुडमनचं व्हायोलिन, यान हॅमर कीबोर्डवर, रिक लेअर्ड बासवर. पहिल्यांदा ऐकली तेव्हा टेप खराब आहे असं वाटून मी हेड साफ केलं होतं.

मग लोडशेडिंगची वर्षं आली. त्याचा गिटारशी काय संबंध, तर फार. लाईट गेली की ॲम्प बंद. इलेक्ट्रिक गिटार नुसती मांडीवर घेऊन वाजवली तर प्रत्येक सूर पिकनं छेडलेला असेल तरच ऐकू येतो. त्यामुळं अंधारात मी अल डि मिओलाची 'एलिगंट जिप्सी' (१९७७) घोटायचो. तळहाताची कड ब्रिजवर (घोडीवर) टेकवून तार अर्धवट दाबायची आणि एकेक सूर पिकनं खणखणीत काढायचा. शेजारी म्हणायचे, यांच्याकडं उंदीर झालेत.

लाईट आली की ॲलन होल्ड्सवर्थ. 'मेटल फटीग', १९८५. तिथं उलटा कारभार. पिक एकदाच, पुढचे पाच-सात सूर डाव्या हाताची बोटं आपटून. बिनकरंटच्या गिटारवर हे सूर ऐकूच येत नाहीत. ॲम्पचा गेन वाढवला की दबका आणि मोठा सूर एका पातळीला येतात आणि मग ती लांब ओळ सलग वाहते. त्याला मुळात सॅक्सोफोन वाजवायचा होता, म्हणून त्यानं गिटार फुंकल्यासारखी केली. महावितरणच्या वेळापत्रकानं मला दिवसाआड दोन घराणी शिकवली म्हणा ना.

अजून दोनांची नावं घेऊन थांबतो. बिली कोबहॅमची 'स्पेक्ट्रम' (१९७३), गिटारवर २१ वर्षांचा टॉमी बोलिन. जॅझचं शिक्षण म्हणावं असं त्याच्याकडं नव्हतं आणि म्हणूनच 'स्ट्रेटस'मध्ये तो रॉकचा मळलेला आवाज घेऊन बिनधास्त शिरतो. जेफ बेक जॅझ-रॉकच्या वाटेला वळला तो हीच रेकॉर्ड ऐकून. आणि पॅट मेथिनीची 'ब्राईट साईज लाईफ' (१९७६). तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. पहाटे कार्यक्रमाहून परत येताना जीपमध्ये ऐकायची.

तुमच्या कोणत्या? नुसती यादी नको, हातात काय बदललं ते सांगा.


ठेकेदार (नांदेड)

धागा भारी. वाचनखूण साठवली.

मी तबलेवाला, तुमच्या तारांतलं मला कळत नाही. पण 'बर्ड्स ऑफ फायर'बद्दल बोलल्याशिवाय राहवेना. ते १८ चं आवर्तन आहे. आम्ही तिघं मित्र गोदावरीच्या घाटावर बसून टाळी देत मोजायचो, दरवेळी कोणीतरी एक सतराव्यावर उठून जायचा. नंतर युक्ती सापडली. ड्रम ऐकून मोजायचंच नाही. गिटारची जी गोल फिरणारी सुरावट आहे तिला लेहरा (तबल्याबरोबर फिरत राहणारी धून) समजायचं. लेहरा धरला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आपोआप हाताला लागते आणि कोबहॅम खाली वाट्टेल तो धुडगूस घालो, आपण हलत नाही.

ज्यांना विषम मात्रा नव्या आहेत त्यांनी पिंक फ्लॉइडच्या 'मनी'पासून सुरू करावं (१९७३). सात मात्रा. सॅक्सोफोन सातावरच वाजतो, गिटारचा सोलो आला की ठेका सरळ चारात येतो आणि सोलो संपला की परत सात. तो बदल होताना अंग कसं सैल होतं ते बघा. पण कृपया याला कोणी रूपक ताल म्हणू नका. रूपकाची गंमत समेवरच्या खालीत (टाळीऐवजी हात मोकळा सोडायच्या मात्रेत) आहे, ती तिकडं नाही. मात्रा सारख्या म्हणून ताल सारखा होत नाही, जसं आडनाव सारखं म्हणून भाऊ होत नाही.


मुळामुठा (पुणे)

एवढं लिहिलंत आणि व्हॅन हेलन नाही? 'इरप्शन', १९७८. एक मिनिट ४२ सेकंद. त्यानंतर गिटारमध्ये जे झालं ते त्या एक मिनिट ४२ सेकंदांचं व्याज. मॅकलॉफलिन वगैरे ठीक आहे, पण ते ऐकताना गृहपाठ केल्यासारखं वाटतं.


निषाद (अंबाजोगाई)

मी गायन शिकवते, गिटार वाजवत नाही. तरी सहावी तार यांना एक विचारायचं आहे. 'आ' उघडल्यासारखा सूर हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. पण गिटारवाले तार ओढून सूर चढवतात आणि त्याला सर्रास मींड म्हणतात, ते मला खटकतं. ओढल्यानं ताण वाढतो, म्हणजे सूर फक्त वर जाणार. गळ्यातली अर्धी मींड खाली येणारी असते. पंचमावरून गंधारावर उतरताना मधला मध्यम नुसता पुसटसा लागतो, तिथंच रागाचा चेहरा दिसतो. तुमच्या वाद्यात ते उतरणं कसं करतात? की करतच नाहीत, आणि म्हणून सगळे सोलो चढत-चढत शेवटी किंचाळतात?

(शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. पण आमच्या गल्लीत गणपतीला दहा दिवस ऐकलंय.)


सहावी तार

@मुळामुठा, 'इरप्शन' मान्य, टाळायचा हेतू नव्हता. पण एक सांगतो. ज्या होल्ड्सवर्थला तुम्ही गृहपाठ म्हणाल, त्याचा सगळ्यात मोठा चाहता एडी व्हॅन हेलनच होता. १९८३ ची 'रोड गेम्स' वॉर्नरकडून निघाली ती त्याच्या शब्दामुळं. तेव्हा व्याजाचा हिशोब जरा मागं न्यावा लागेल.

@निषादताई, किंचाळण्याबद्दल दंडवत. त्या दहा दिवसांत कदाचित मीच असेन.

उतरणारी मींड करता येते, दोन प्रकारे. एक म्हणजे तार छेडायच्या आधीच ओढून ठेवायची आणि छेडल्यावर सोडत खाली यायचं. सतारवाले हेच करतात. अडचण अशी की छेडण्याआधी तार किती ओढली ते कानाला कळत नाही, बोटालाच माहीत असावं लागतं. कार्यक्रमात अर्ध्या वेळा आपण भलत्याच श्रुतीवर उतरतो आणि मग तो कोमल मुद्दाम घेतल्याचा चेहरा करतो.

दुसरा प्रकार म्हणजे ट्रेमोलो आर्म, तो ब्रिजला लावलेला दांडा. सगळे त्याचा उपयोग डाइव्ह मारायला करतात, विमान पडल्यासारखा आवाज. जेफ बेकनं तो गळ्यासारखा वापरला. १९८० नंतर त्यानं पिक जवळजवळ सोडून दिलं, अंगठा-बोटांनी छेडायचं, दांडा तळहातात, करंगळी नॉबवर. 'जेफ बेक्स गिटार शॉप' (१९८९) मध्ये 'व्हेअर वेअर यू' आहे. त्यात तो नुसता हार्मोनिक (तारेला बोट अलगद टेकवून काढलेला बारीक सूर) छेडतो आणि त्या एका सुरातून दांड्यानं पुढची सगळी चाल काढतो, वर आणि खाली. बल्गेरियन बायकांचं समूहगान ऐकून ते सुचलं.

आणि खास तुमच्यासाठी, 'नादिया'. मूळ रचना नितीन स्वानीची, १९९९ च्या 'बियॉन्ड स्किन'मधली, गायलीय स्वाती नाटेकर यांनी. एक-दोन वर्षांत बेकनं तीच चाल गिटारवर घेतली. आधी गाणं ऐका, मग गिटार. हरकती, कण, खाली येणाऱ्या ओढी, सगळं त्यानं गळ्यावरून उचललंय. मला वाटत नाही त्यानं कधी पलटे घोटले असतील. पण कान?

मी ते ऐकलं तेव्हा आपला एक कार्यक्रम ठरला होता जालन्याला, तीन तास 'झिंगाट'च्या घरातली गाणी. वाटेत गाडी बाजूला घेऊन दोनदा ऐकलं. साऊंडवाला म्हणाला, "काय झालं, पेट्रोल संपलं का?"


निषाद

'नादिया' दोन्ही ऐकली. मी माझा मुद्दा मागं घेते, निदान एका माणसापुरता. एके ठिकाणी तो सुरावर येतो आणि लगेच कंप देत नाही, आधी सूर सरळ ठेवतो, मग हलवतो. हे मी मुलींना चार वर्षं सांगते आहे.

पण मग मॅकलॉफलिनचं काय? तो तर आपल्याकडचं शिकला ना? 'शक्ती' या त्याच्या बँडमध्ये त्याची गिटार मला गळ्यापेक्षा सरोदेच्या जवळची वाटते. तुटक.


ठेकेदार

शक्तीचं नाव निघालं म्हणून. पहिली रेकॉर्ड ५ जुलै १९७५ ला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेली आहे, बाजारात आली १९७६ ला. तीनच रचना, त्यातली एक जवळजवळ अर्ध्या तासाची. झाकीरभाई, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम, आर. राघवन मृदंगमवर. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम असे शेजारी बसून भांडत नाहीत हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. तबल्याच्या वर्गात आम्हाला त्याचं नाव घेतलं तरी रागवायचे.

२०२३ च्या 'धिस मोमेंट'ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाली आणि १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. त्या रात्री मी त्या पहिल्या रेकॉर्डमधलं 'जॉय' लावलं आणि पाच मिनिटांत बंद केलं. अजून पुढं ऐकलेलं नाही.


सहावी तार

ताई, तुटक का वाटतं याचं एक साधं कारण असं की शक्तीत तो लाकडी गिटार वाजवतो, सूर टिकतच नाही. म्हणून गिब्सनकडून खास गिटार बनवून घेतली. दोन फ्रेटमधलं (पडद्यांमधलं) लाकूड खोबणीसारखं कोरून काढलं, म्हणजे बोट लाकडाला घासत नाही, तार हवेत दाबली जाते आणि ओढायला सोपी होते. शिवाय मुख्य तारांच्या खालून तिरक्या सात तरफा, न छेडता झंकारणाऱ्या तारा. म्हणजे आपल्या सतारीच्या दोन गोष्टी त्यानं गिटारमध्ये आणल्या. तरी गळा नाही आला, खरंय. तो मुळात तालाचा माणूस आहे. १९६९ ला माइल्स डेव्हिसबरोबर 'इन अ सायलेंट वे' केलं, तेव्हाचा किस्सा तो स्वतः सांगतो. माइल्सनं त्याला गिटार येतच नाही असं समजून वाजवायला सांगितलं. ते ऐकताना प्रत्येक सूर आधी चाचपून मग ठेवल्यासारखा वाटतो. दोन वर्षांत तोच माणूस महाविष्णूत सुटलाय.


कोरडवाहू (लातूर)

काय सांगायलात राव, निस्तं वाचूनच हात शिवशिवायलाय. मी 'फ्रायडे नाईट इन सॅन फ्रान्सिस्को'वाला. डि मिओला, मॅकलॉफलिन, पाको दे लुसिया, ५ डिसेंबर १९८०. ना ड्रम ना बास, तीन गिटारी. हेडफोन लावून ऐका, पाको डावीकडं, अल उजवीकडं, जॉन मधी. पाको नुसत्या बोटानं वाजवतोय आन बाकीचे दोघं पिकनं, तरी पाकोचा सूर जाड येतोय. ते ऐकून मी पिक फेकून दिलं, सहा महिन्यांनी परत उचललं.

माझा प्रश्न येगळाच हाय. आपल्याकडं मार्च लागला की गिटारचं लाकूड आक्रसतंय. फ्रेटची टोकं बाहेर येऊन हात कापायलीत. काय करता तुम्ही?


सहावी तार

साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला स्पंज पिळून ठेवायचा, डबी गिटारच्या केसमध्ये. आठवड्यातून दोनदा बघायचं. केस बंद पाहिजे, भिंतीवर टांगलेल्या गिटारला उपयोग नाही. कूलरसमोर तर अजिबात ठेवू नका, दिवसा ओलं आणि रात्री कोरडं झालं की मान वाकते.


कोरडवाहू

केलतं हे २०१६ ला. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या साली. आई म्हणली, माणसाला प्यायला नाही आन तू लाकडाला पाजायलास का? डबी तिथंच ठिवली. त्या गिटारची मान गेलीच.


मुळामुठा

बरं, मी महाविष्णू परत ऐकलं, लेहरा धरून. 'बर्ड्स ऑफ फायर' चौथ्यांदा सम सापडली. पहिल्या तीन वेळा ठेकेदारांच्या त्या मित्रासारखा उठून गेलो. गृहपाठ शब्द मागे घेत नाही, पण बरा गृहपाठ आहे.

एक साधा प्रश्न. नवीन पोरानं सुरुवात 'स्मोक ऑन द वॉटर'नं करावी की तुम्हाला त्याचाही राग आहे?


सहावी तार

राग कसला, खुशाल करावी. फक्त बरोबर वाजवावी. आपल्याकडं सगळे ती एका तारेवर किंवा पॉवर कॉर्डवर वाजवतात, म्हणजे सा-प. मूळ वाजवणारा, डीप पर्पलचा ब्लॅकमोर, दोन तारा एकदम बोटांनी छेडतो आणि त्यांच्यात सा-म चं अंतर आहे. पंचमाच्या जागी मध्यम आला की तीच चाल जरा टांगलेली, अस्वस्थ वाटते. माझ्या क्लासमधल्या त्या पोराला काल हेच दाखवलं. दोन्ही वाजवून घेतलं. म्हणाला, "सर, पण पहिलंच भारी वाटतं." चालायचंच.


शहागंज

अरे सहावी तार, तू वोच है क्या जिसने मेरे मामू की कॅसेट ली थी? मेरेकू लगा तू मुंबई चला गया.


सहावी तार

हौ, मीच! पण ती मी परत दिली होती. १९९३ ला, तुमच्या दुकानावर, अब्बांच्या हातात.


शहागंज

हौ, दी थी, कल रात पेटी में मिली. मामू तो अब नई रहे. एक बाजू पूरी है, एकदम साफ. दुसरी बाजू पे अम्मी ने नात रेकॉर्ड कर दी, अपनी ही आवाज में. पीछे से कुकर की सीटी भी आ रई.


सहावी तार

ती बाजू पुसू नकोस. कोणत्या पट्टीत गातायत?


शहागंज

मेरेकू क्या मालूम पट्टी. गिटार लेके आ, देख ले. इतवार कू दुकान बंद रहता.